भोंग्यावरचा भारत

चहा घ्या, सांगतो. पण मध्ये हसलात तर तिथेच थांबेन! त्या दिवसापासून गावात मान वर करून चालायची माझी पंचाईत झाली आहे.

मोहाडीकडच्या एका खेड्यात मी मास्तर. शाळेत शिक्षक दोन, त्यातले दुसरे सर ट्रेनिंगला. म्हणजे सगळे विषय मीच, खिचडीतलं मीठ बघायचं मीच, आणि विज्ञान दिनाचं प्रदर्शनही मीच! भारतात लागलेले शोध पुठ्ठ्यांवर चिकटवता चिकटवता जीव मेटाकुटीला आला. शून्य झालं, साखर झाली, मतदानाची शाई झाली. वरून ऑटोवरच्या भोंग्यासाठी आवाजही मीच भरायचा.

कागदावर होतं, 'भारतीय वैज्ञानिकांनी लावलेल्या शोधांचे व आविष्कारांचे भव्य प्रदर्शन.' एवढं कोण बोलणार? मी छाटलं.

"भारताचा शोध सुरू आहे हो! लहानथोर सगळे या! येताना पाण्याची बाटली आणा!"

शाळेचं नावही गाळलं. गावात शाळा एकच, ती काय सांगायची?

सकाळपासून फाटकात उभा राहिलो. चिटपाखरू फिरकलं नाही. आत पोरं पाठ केलेलं विसरायला लागली होती. एवढ्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई, कमलबाई, रडत धावत आल्या.

"सर, पोरीचे बाबा हरवले जी! सकाळी माह्याशी भांडले, न जेवता गेले. फोन बी घरीच पडून हाये!"

"हरवले असं कोण म्हणतं?"

"भोंग्यावर सांगून राहिले ना! अख्खं गाव शोधून राहिलं!"

आता या बाईंच्या नवऱ्याचं नाव भारत, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं हो! पण थकलेल्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ! मी म्हणालो, "चला, मीही येतो."

तलावावर सगळं गाव जमलेलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली! कमलबाई काठावर बसून पाण्याकडे बघत होत्या. मला खरंच भरून आलं. पँट वर करून चिखलात उतरलो आणि "भारतभाऊ!" अशा हाका मारायला लागलो.

तेवढ्यात रस्त्यानं ऑटो गेला. "भारताचा शोध सुरू आहे हो!"

शेजारचे सरपंच थबकले. "सर, हा आवाज तं तुमचाच वाटून राहिला."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना? चिखलानं निम्मा घेतलाच होता.

"सरपंच," मी हळूच म्हणालो, "तो भारत म्हणजे... आपला देश हो."

"मंग आमचा भारत कुठं हाये?"

म्हटलं, शाळेत चला, आता भोंग्यासाठी खऱ्या भारतभाऊंच्या नावानं आवाज भरतो. सगळी वरात माझ्यामागून शाळेत आली. पाहतो तर काय, शून्याच्या पुठ्ठ्यासमोर बाकावर भारतभाऊ! शेजारी त्यांची पोरगी, हातात पट्टी.

"जय भीम सर! पोरीनं या म्हटलं होतं, तं वावरातून मागच्या दारानं आलो. शून्य समजून राहिलो. पण इथं बघायले दुसरं कोनीच कसं नाही जी?"

कमलबाईंनी आधी नवऱ्याला झापझाप झापलं, मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या.

"काय जी सर! रोज पोरायले नकाशावर भारत दाखवता, अन् तुमच्याच शाळेत बसला तं तुमाले दिसला नाही?"