रेच्या पुढची रेघ

साहेबांनी डस्टर उचललं आणि ते फळ्याकडं वळले.

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शाळेत, चौथीच्या वर्गात, शिक्षण खात्याचे साहेब संगीताचा तास बघायला आले होते. 'आमची मुलं नोटेशन वाचतात,' असं मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी काँट्रॅक्टवर होतो. सकाळीच बाईंनी बजावलं होतं, "सर, आज नीट झालं नाही तर संगीताचे तास कॉम्प्युटरला जातील. तुमची ऑर्डरही पुढं निघायची नाही."

नोटेशन म्हणजे लिहिलेलं गाणं. सा, रे, ग ही स्वरांची अक्षरं. प्रत्येक अक्षराला एक मात्रा, म्हणजे एक टाळी. अक्षरापुढं आडवी रेघ असली की तोच स्वर आणखी एक टाळी लांबवायचा. फळ्यावर मी लिहिलं होतं: सा रे ग –. पोरांनी ते बाकं बडवत कितीतरी दिवस घोकलं होतं.

"सर, रेघ आली की गप बसायचं?" एकानं विचारलं होतं.

"गप न्हाय रे, ताणायचं! च्युइंगमसारखं," शेजारचा म्हणाला होता.

तो गोंगाट अजून कानात आहे. तसे दिवस पुन्हा आले नाहीत. पण खरं सांगायचं तर वाचत कुणी नव्हतं. सगळं पाठ होतं.

साहेबांनी शेवटचा ग आणि त्यापुढची रेघ पुसली आणि दोन्ही उलट क्रमानं लिहिली. सा रे – ग.

"आता म्हणा."

वर्ग जोरात गायला, सा रे ग –. जुनंच. फक्त सानियानं, एका टेम्पो ड्रायव्हरच्या मुलीनं, रे लांबवला. तिचा ग सगळ्यांच्या मागून एकटाच आला.

"ती मुलगी मागं पडतीय," साहेब म्हणाले.

फळ्यावर लिहिलं त्यांनीच होतं, पण स्वर त्यांना कळत नव्हते. मला कळत होते.

"तालात जरा कच्ची आहे, साहेब," मी म्हणालो. "सानिया, खाली बस."

"पण सर, रेघ रेच्या पुढं हाय की."

"बस म्हटलं ना!"

"कच्चा लिंबू!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. साहेबही हसले आणि उत्तम शेरा देऊन गेले.

माझी ऑर्डर निघाली. पुढंही निघत राहिली. सानिया मात्र गाण्याच्या तासाला शेवटच्या बाकावर बसू लागली. तोंड तिनं परत उघडलं नाही. माझ्या निरोपसमारंभात बाईंनी त्याच तासाचं कौतुक केलं. मी मान डोलावली.

परवा सात रस्ता चौकातल्या एका मेडिकलमध्ये ती काउंटरवर भेटली. तिनंच मला ओळखलं. मागं गिऱ्हाइकं उभी होती, तरी मी बोललोच.

"सानिया, त्या दिवशी तू बरोबर होतीस."

"माहितीय की, सर."

"मग गाणं का सोडलंस?"

तिनं कात्रीनं माझ्या गोळ्यांची पट्टी कापली. "चुकले असते तर सुधारलं असतं, सर. बरोबर म्हटलेलं कसं सुधारायचं?"

म्हणून हे लिहून ठेवतो. त्या दिवशी चौथीत नोटेशन एकट्या सानियाला वाचता येत होतं. नव्या संगीतशिक्षकांना एवढंच सांगेन, मुलं खरंच वाचतात का हे बघायचं असेल, तर एक रेघ हलवून बघा. तरीही सगळा वर्ग जुनंच एका सुरात गायला, तर टाळ्या वाजवू नका.