चिंधी सोडून

विजापूर वेशीजवळच्या मैनुद्दीनभाईंनी आयुष्यभर टेम्पो चालवला, पण कुणी विचारलंच तर ते स्वतःला बागाईतदार म्हणवून घेतात. बाग म्हणजे परसातले दोन वाफे, रंगाच्या जुन्या डब्यांतल्या मिरच्या आणि मांडवावर चढलेला दुधीचा वेल. नळाला पाणी आलं की आधी वेल पितो, मग घरातली माणसं.

या दुधीचं बी भाईंच्या अम्मीनं माहेराहून, वैरागहून आणलेलं. अम्मी गेल्या, दुधी मात्र दरवर्षी येत राहिला. हातभर लांब, मानेला किंचित बाक. त्या बाकाला भाई डौल म्हणतात. गल्लीत कितीजणांनी बी मागितलं, पण भाई फळ देतील, बी देणार नाहीत. त्यातून बायको बिबीजान सढळ हाताची. घरात बी उरलं तर ती वाटून मोकळी होईल, या धास्तीनं भाई होतं तेवढं सगळं पेरून टाकतात आणि शेवटचा एकच दुधी बियासाठी राखतात, देठाला लाल चिंधी बांधून. तेवढा गेला की वंश बुडाला.

"अजी, लेकीचं तोंड बघून वरीस झालं," बिबीजाननं यंदा ठाण मांडलं. "चार दिवस नातेपुत्याला चला. दुधी काय पळून जातोय व्हय?"

निघायच्या वेळी रिक्षा दारात, बिबीजान रिक्षात, आणि भाई अजून मांडवाखाली. शेजारच्या मल्लव्वाला सूचना चालल्या होत्या. मल्लव्वा अक्कलकोटकडची. तिची जीभ कानडी, मराठी कामापुरती.

"पानी घाल. वेलाचे दुधी तुझ्याच घरी ने. फकस्त चिंधी सोडून तोड, काय?"

"व्हय की. चिंधी सोडून तोडते," मल्लव्वानं मान डोलावली. भाई निर्धास्त झाले आणि रिक्षात बसले.

नातेपुत्यात पहिल्या सकाळीच भाईंचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी विहीणबाईंचा कढीपत्ता असा छाटला की झाड ओळखू येईना. गुलाबाला माती चढवली, जावयाला खतावर व्याख्यान दिलं. जावई दुसऱ्या दिवसापासून लवकर दुकानाला जाऊ लागला. मग जेवणात दुधीची भाजी आली. परसातल्याच वेलाची, असं विहीणबाईंनी कौतुकानं सांगितलं. भाई हात धुवायला म्हणून परसात जाऊन वेल बघून आले.

"विहीणबाई, राग मानू नका, पन ह्याची मानच वाकडी हाय की. आन् चव पानचट. आमच्या दुधीपुढं ह्यो कायच न्हाय."

विहीणबाई गालातल्या गालात हसल्या. लेक कौसरनं आईकडं पाहिलं. बिबीजान भाकरी मोडण्यात एकदम गुंग झाली होती.

घरी परतल्यावर मल्लव्वानं दुधीच्या गरम थालीपिठांचं ताट आणून पुढं ठेवलं. भाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"ह्याला म्हनत्यात दुधी! नातेपुत्याच्याला जमंल का ही चव?"

तोंड पुसत ते परसात गेले. वेलाचा बहर संपला होता, मांडवावर एकही दुधी उरला नव्हता. दोरीवर, चिमट्यात अडकवून, धुतलेली लाल चिंधी वाळत होती.

"मल्लव्वा!" त्यांच्या आरोळीनं सगळी गल्ली बाहेर आली. "चिंधी सोडून तोड म्हनलो होतो ना तुला!"

"मग? आदी चिंधी सोडले, मग तोडले," मल्लव्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "गाठ लई घट्ट होती, नख मोडलं माजं. तुमी म्हनलाव म्हनून सोडले. धुतले पन."

"आन् बिया?"

"कवळ्याच होत्या की. किसले सगळं. आत्ता तुमीच खाल्लाव."

भाई वाफ्याच्या कडेला खाली बसले. आपणच अम्मीचा दुधी मिटक्या मारत संपवला, हे मनात आलं आणि त्यांना खरंच रडू कोसळलं. मल्लव्वाचा रागही विरघळला.

बिबीजान मात्र पदर तोंडाला लावून उभी होती. रडत नव्हती.

"फोन लावा नातेपुत्याला," ती म्हणाली. "कौसरच्या लग्नात रुमालाला गाठ मारून तिच्या पेटीत बी घातलं होतं मी. तुमच्यापासून लपवून. ती वाकडी मान तुमच्याच घरची हाय."

भाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. बायकोवर चिडावं की तिचे पाय धरावेत, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी फोन लावला आणि बी मागितलं.

"भाईसाब, पन आमचा दुधी पानचट हाय की," पलीकडून विहीणबाई म्हणाल्या.

"विहीणबाई, मान वाकडी न्हाय त्याची. त्यो डौल हाय. एक दुधी बियाला ठिवा, लाल चिंधी बांधा, आन् बाकीचे तोडताना चिंधी सो..."

ते थबकले. कुंपणाच्या भिंतीवर हनुवटी टेकून मल्लव्वा ऐकत होती.

"आन् त्याला कुनीबी हात लावू नका," त्यांनी वाक्य संपवलं.

"भाई, बी आलं की मला पन दोन द्या," मल्लव्वा म्हणाली.

हे मागणं भाईंनी आजवर हसून टाळलं होतं. त्यांनी दोरीवरची चिंधी काढली, घडी करून खिशात घातली.

"दोन कशाला, मूठभर घे. पन तुझ्या वेलाची चिंधी मीच बांधनार, आन् मीच सोडनार."