खालच्या डोहातली मरळ

भडगावच्या बाजारात बेबाबाईच्या पाटीतला मासा उलटापालटा करून बघायची कोणाची छाती नव्हती. कोणी हात घातलाच तर ती कोयत्याची मूठ हलकेच त्याच्या बोटांवर टेकवायची. "भरवसा नसेल तर पलीकडे बसल्यात की चारजणी," एवढंच म्हणायची. गिऱ्हाईक हसायचं आणि ती देईल ते मुकाट्यानं घेऊन जायचं.

हा भरवसा काही फुकट मिळाला नव्हता. तीस वर्षं ती त्या एका जागी बसत होती. गावाखाली एक नाला गिरणेला मिळतो. त्यात कोण काय सोडतं ते सोडणाऱ्यालाच ठाऊक, पण त्या नाल्याखालच्या डोहातला मासा बेबाबाई पाटीला लावत नसे, मग कोणी फुकट का देईना. माल आणणाऱ्याला तिचा पहिला सवाल ठरलेला: कुठलं पाणी? मग कल्ले उघडून ती वास घ्यायची. साबणाची, रॉकेलची नुसती चाहूल लागली तरी टोपली परत. आणणारे बोटं मोडत जायचे. जाईनात बापडे! खाणाऱ्याचं पोट त्यांच्या बोटांपेक्षा मोलाचं, असं तिचं सरळ गणित होतं.

वैशाखातल्या त्या मंगळवारी धरणाचा माल आलाच नाही. आणि इकडे घरात भूमिका, तिची एकुलती लेक, सात महिन्यांची पोटुशी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. चार दिवस पोरीच्या तोंडी एकच ध्यास: मरळ. मरळ खाल्ली की अंगात ताकद येते हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. सकाळी सातला पितांबर, बेबाबाईचा धाकटा दीर, टोपली घेऊन दारात हजर. आत आठदहा मरळी, हातहात लांब, सळसळत्या. कल्ले लालभडक, डोळे टपोरे. बेबाबाई हरखून गेली. दोन थोराड मरळी तिनं भूमिकेपुढे टाकल्या, "दुपारी मस्त रस्सा कर" म्हणाली आणि बाकीच्या घेऊन दिरासोबत बाजार गाठला. ठरलेला सवाल तिनं त्या दिवशी विचारलाच नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? वास घ्यायचंही राहून गेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

अकराच्या सुमारास सुकदेव गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, बारीक मासळीचे भारी शौकीन. पाटीत डोकावून म्हणाले, "अक्का, आज नुसती मरळच? झिंगे नाहीत, चिलापी नाही?"

"नाही गुरुजी, आज एवढंच..." म्हणता म्हणता बेबाबाईची जीभ अडखळली. जाळं टाकलं की डोहातलं लहानमोठं सगळंच वर येतं. एकट्या मरळीच जाळ्यात आल्या असं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पितांबर शेजारीच बिडी ओढत बसला होता. तिनं मान वळवली. "पितांबर, दुसरी मासळी कोठे शे?"

"व्हती ना वहिनी. पण बठ्ठी काठवर मरी पडेल व्हती. मी जितीजिती वेची लयनू."

"कोठला डोह?"

त्यानं बिडी विझवली. "खालला."

म्हणजे नाल्याखालचा. सगळी मासळी काठावर मेलेली, आणि यानं तेवढ्या जित्या मरळी वेचून आणलेल्या. मरळ पाण्यावर तोंड काढून हवा गिळते. बाकीची मासळी तडफडून मरते तिथं ही चिखलातसुद्धा तग धरते. मरळ जिवंत आहे म्हणून पाणी चांगलं, असं भोईवाड्यातलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. आणि हिनं, तीस वर्षं बाजारात बसणारीनं, तेच गृहीत धरलं होतं. तिनं एका मरळीचे कल्ले उघडून नाकाशी नेले. रॉकेल.

तिनं भूमिकेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच.

"सकाळपासून दोन घरी माल गेलाय," ती दिराला म्हणाली, "इंदिराबाईच्या खानावळीत आणि पोस्टामागच्या प्रेमराजकडे. पळ. रस्सा चुलीवर असला तरी ओतून दे." पाटीतलं कोणाला देऊ नका असं गुरुजींना बजावून ती रिक्षात बसली. बाजाराच्या तोंडाशी ट्रॅक्टर आडवा लागलेला. रिक्षा हलेना, तशी ती उतरून उन्हात धावत सुटली. साठीला आलेली बाई, पण धावली. देवा, पोरीला भूक लागू देऊ नको, एवढंच ती मनात घोकत होती.

भूमिका चुलीपाशी बसली होती. पुढ्यातल्या ताटात काट्यांचा ढीग.

"माय? इतली लवकर?"

"किती खादं?"

"एक मरळ बठ्ठी. का वं?"

बेबाबाईनं उरलेला रस्सा राखेत ओतला आणि पोरीला दंडाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. खालचा डोह, रॉकेलचा वास, सगळं तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मशीन लावून बाळाचे ठोके ऐकवले. "आत्ता तरी सगळं ठीक आहे. उलटी झाली, पोटात दुखलं की लगेच आणा. पाण्यात काय होतं तेच ठाऊक नाही, तर पुढचं मी काय सांगू?"

दोघी बाहेर बाकावर बसल्या. बेबाबाई लेकीच्या पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल शोधत होती. तिचा चेहरा बघून भूमिकेला काय ते उमगलं.

"माय, रॉकेलना वास माले बी ऊना व्हता," ती हळूच म्हणाली. "पण मी म्हंतं, मनी मायनी निवडेल मासा वाईट कसा व्हई? म्हनीसन खाई लिधा."

बेबाबाईनं पोटावरचा हात काढून घेतला.