अँगसला वळवायचं राहिलं

एफी मॅकिननचा नवरा अँगस कोळशाच्या खाणीत छत कोसळून कमरेखाली लुळा पडला आणि आमच्याच हॉस्पिटलात वारला. मणक्याच्या दुखापतीने नव्हे, एकाच कुशीवर पडून पडून माकडहाडावर चिघळलेल्या जखमेने. तेव्हा इथे कॅनडात, केप ब्रेटनला, आमच्या वॉर्डात फोमच्या जुन्या गाद्या होत्या. मधोमध इतक्या बसलेल्या, की हात दाबला तर खालचं लोखंड लागायचं. आम्ही नर्सेस त्याची कूस बदलायचो, पण माणसं कमी पडायची. खाली त्याला काही जाणवतच नव्हतं. वास यायला लागला तेव्हा एफीला कळलं. शेवटी तापात तो एकच बडबडायचा, "एफी, मला वळव गं."

त्याला पुरल्यावर एफी आमच्याकडेच मदतनीस म्हणून लागली. बाईचं काळीज दगडाचं आहे, असं लोक म्हणायचे. मला कारण तिनेच एकदा चहा पिताना सांगितलं. "घरी तो हाका मारत असतो. इथे निदान खरोखरच्या माणसाला वळवता येतं."

काही वर्षांनी हवेच्या गाद्या आल्या. आतल्या नळ्या आळीपाळीने फुगायच्या आणि बसायच्या, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहायचा नाही. पंप हलके सुस्कारे टाकायचा. ते ऐकून एफी दारातच थबकली. "हा त्याचा श्वास आहे," म्हणाली, आणि काही केल्या आत येईना.

त्या गादीवर पहिला जायचा होता रोरी गिलिस, म्हातारा खाणकामगार, पक्षाघाताने एक बाजू गेलेला. टाच आधीच लाल झाली होती. पण तो खुर्चीतून हलेना.

"अगं, ती खालून हलतेय! खाणीत जमीन हलली की आम्ही पळत सुटायचो, झोपायचो नाही."

"रोरी, झोप मुकाट्याने," एफी दारातून ओरडली, "नाहीतर मी येऊन झोपेन!"

"ये की! गावाला बोलायला विषय होईल."

एफी आत आली, बूट काढले आणि खरंच आडवी झाली. पंपाचा सुस्कारा तिच्या कानाशी होता. चेहरा पांढराफटक पडला. कमरेखालची एक नळी अलगद बसली, दुसरी वर आली. छताकडे बघत ती म्हणाली, "एवढंच हवं होतं त्याला."

रोरीने चांगला हात माझ्याकडे पुढे केला. मग म्हणाला, "ऊठ आता. माझी पाळी."

गादी आली म्हणून एफीने त्याला वळवणं सोडलं नाही. टाचेची लाली उतरली आणि धड कातडीनिशी तो घरी गेला. हळूहळू सगळ्या वॉर्डाला चांगल्या गाद्या मिळाल्या. मला वाटलं, आता अँगस गप्प होईल. पण हाका वाढल्या.

"आता त्याला कळलंय ना," एफी म्हणाली, "की अशी गादी असते."

गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती आमच्याकडे आली, हवेच्या गादीवर. दुपारी तिने शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं. "तिथलीही चालू कर ना गं. तो अवघडलाय."

मी पंप लावला. वर कुणी नसलेली गादी फुगत होती, बसत होती. एफीला झोप लागली.

थोड्या वेळाने खालून फोन आला, ती खाट नव्या रुग्णाला हवी होती. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत नको. फोन ठेवला आणि त्या खाटेचा पंप चालूच राहू दिला.