मांडीवरचे मँडोलिन : प्रमिलाताईंची पंचाहत्तर वर्षे

प्रमिलाताई गजभिये यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात नवेकोरे मँडोलिन होते. ते चांगले आहे, एवढे त्यांच्या तोंडून ऐकायला मी सेवाग्रामहून आर्वीला गेलो होतो. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. ताई आर्वीच्या शाळेत गणित शिकवत आणि विहारातल्या गीतांना मँडोलिनची साथ करत. त्यांनी माझे वाद्य वाजवलेच नाही. एक डोळा मिटून त्याच्या मानेवरून नजर फिरवली, खालच्या पडद्यांवर तार दाबून पाहिली.

“मान वाकली आहे याची. तार किती वर राह्यली, पाह्य. महिनाभरात बोटं सोलून निघतीन तुही, अन् मंग तू म्हणशीन, मले काही येत नाई.”

पुढच्या रविवारी ते बदलून घ्यायला ताई स्वतः माझ्याबरोबर नागपूरला आल्या. दुकानातले एकेक मँडोलिन मांडीवर घेऊन, तार छेडून, आवाज पुरता विरेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. शेवटी निवडले ते सगळ्यांत निस्तेज दिसणारे. दुकानदार म्हणाला, “बाई, याले तं पॉलिशच नाई.”

“आम्हाले आवाज न्यायचा आहे,” ताई म्हणाल्या. ते वाद्य आजही माझ्याजवळ आहे.

पुढे दर रविवारी ताईंकडे शिकायला आर्वीला जाणे सुरू झाले. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय त्या चहा देत नसत. आठही तारा एकदम उतरवायच्या नाहीत, एक काढून एक चढवायची; कारण तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर उभी असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून तडकू नये म्हणून भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून ती डबी ताई मँडोलिनच्या पेटीत ठेवत. एसटीत मँडोलिन कायम मांडीवर. बसायला जागा नसेल तर त्या गाडी सोडून देत आणि पुढचीची वाट पाहत.

आता जे लिहायचे आहे ते मला सोपे नाही.

ताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्याला साथ केली. निवृत्तीनंतर वर्ध्याच्या एका सभागृहात त्यांच्या एकल वादनाचा कार्यक्रम पहिल्यांदाच ठरला. दिवस मे महिन्याचे. आदल्या दिवशी बहिणीची तब्येत बिघडल्याने त्या घाईने वर्ध्याला गेल्या आणि त्यांचे मँडोलिन आणायचे काम माझ्याकडे आले. फोनवर एवढेच म्हणाल्या, “उन्हात ठेवू नको.”

मी आर्वीहून ते गाडीत घेतले, वर्ध्याला पोचलो आणि एका मित्राकडे जेवायला थांबलो. गप्पांत दोन तास गेले. बंद गाडी तेवढा वेळ उन्हात होती. सभागृहात ताईंनी पेटी उघडली. वाद्याची मान धडापासून सुटून वर आली होती, घोडी कलंडली होती.

“कसं झालं रे?” त्यांनी विचारले.

“माहीत नाही, ताई. रस्ता फार खराब होता,” मी म्हणालो.

“बरं. तुहं आण.”

सेवाग्राम तिथून जवळच; घरून धावत आणलेल्या माझ्या त्या निस्तेज मँडोलिनवर ताईंनी सव्वा तास वाजवले. लोक उठून उभे राहिले. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो.

त्यानंतर तीन रविवार मी आर्वीला गेलो नाही. चौथ्या रविवारी गेलो आणि दारातच सगळे सांगून टाकले. ताई भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “मले तवाच समजलं होतं. पेटीची कडी हाताले पोळली माह्या.”

“मग तुम्ही बोलल्या का नाही?”

“बोलली असती तं तू चार लोकांत खाली पाह्यला असता, अन् मले वाजवणं झालं नसतं. तू येशीन, मले ठाऊक होतं. वाट पाहून राह्यली होती.”

मला रडू आले. त्यांनी रडू दिले. मग सुटलेले मँडोलिन पुढ्यात ठेवले. “सरसानं जोडलेलं आहे हे. उन्हानं सुटलं, पण म्हणूनच पुन्हा जोडता येते.” दोन रविवार आम्ही जुना सरस, म्हणजे उष्णतेने सुटणारा कातड्याचा गोंद, गरम पाण्याने मऊ करून खरवडला, नवा लावला, मान शिकंज्यात आवळून ठेवली. तारा चढल्या. खालच्या तारा पूर्वीसारख्याच बोलू लागल्या. वरची जोडी मात्र काहीशी कोरडीच राहिली, ती कायमची. ताईंनी ते लपवले नाही. “वरचा आवाज गेला. आता आहे त्यात वाजवू,” म्हणाल्या आणि आजवर त्याच वाद्यावर वाजवत आहेत. त्या दिवसाचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधीच केला नाही. पुढच्याच महिन्यात पुलगावला कार्यक्रम होता. त्याही वेळी मँडोलिन त्यांनी माझ्याच हाती सोपवले.

आता ताईंची बोटे सकाळी आखडतात. कोमट पाण्यात हात धरून मगच त्या वाजवायला बसतात, पण बसतात रोज.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. ऐकून त्या म्हणाल्या, “ते खोटं बोलल्याचं काढून टाक, संजू. तुह्याजवळ लेकरं शिकतात आता. त्याईनं काऊन वाचावं ते?”

ताईंची एवढी एकच आज्ञा मी जाणूनबुजून मोडली आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी ते वाचावे, म्हणजे आपले गुरू कोणाच्या हाताखाली घडले ते त्यांना कळेल. ताईंनी याबद्दल मला रागवावे, आणि असे रागवायला त्यांना निरोगी शरीराची, चालत्या बोटांची पुष्कळ वर्षे मिळावीत, हीच मनापासूनची इच्छा.