वाडीतल्या सात पाट्या

अन्याय झाला तो आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या, सात बायकांवर. झाला होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, नळाला पाणी असताना. वेळ मुद्दाम सांगते, कारण ती मुद्दामच निवडलेली होती. त्या घटकेला आमच्याकडची कोणतीही बाई भरती बादली सोडून रस्त्यावर धावत येणार नाही, हे मलबा टाकणाऱ्याला पक्कं माहीत होतं. तीन ट्रक आले आणि कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर विटांचे तुकडे नि जुना चुना ओतून गेले. त्याखाली पालक होता, मेथी होती, आमच्याकडे ज्याला सांबार म्हणतात ती कोथिंबीर होती. सात जणींचे चार महिन्यांचे कष्ट होते.

मलबा टाकणारा होता प्लॉटला लागून घर असलेला ठेकेदार. त्याला तिथे आपलं सामान ठेवायचं होतं. त्याचं म्हणणं एवढंच की जागा कोणाचीच नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मोर्च्यांची पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइलच्या शाईनं बोटं कायम काळी. मी सरळ कचेरीत गेले आणि लेआउटचा नकाशा पाहून आले. त्या कोपऱ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'सार्वजनिक बगिच्याकरिता राखीव'. बगिचा कोणी करायचा ते मात्र लिहिलेलं नव्हतं. लेआउट पडल्यापासून तिथे बेशरमाची झुडपं आणि डुकरं, याखेरीज सरकारनं काही पाठवलं नव्हतं.

उन्हाळाभर आम्ही मलबा उपसला. रोज सकाळी ऊन चढायच्या आत दोन तास, घमेल्यानं. विटांचे धड तुकडे वेगळे काढले आणि त्यांचेच वाफ्यांना काठ केले. लाकडाची टाल चालवणाऱ्या काकूंनी वेलांच्या मांडवाला बांबू दिले. घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या काकूंनी माहेराहून, भिवापूरकडून, मिरचीची रोपं आणली. पावसाळ्यात दोडका, चवळी, अंबाडी, वाल, सगळं लावलं आणि महिन्याभरात प्लॉटची वाडी झाली.

मग मी चूक केली. तुपाच्या डब्यांचे पत्रे सरळ करून सात पाट्या रंगवल्या आणि एकेका वाफ्यात एकेकीच्या नावाची पाटी ठोकली. या बायकांची नावं रेशनकार्डाबाहेर कुठे दिसत नव्हती, ती दिसलीच पाहिजेत, असा माझा हट्ट.

शिलाईवाल्या काकू कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "काहून वं पोरी, आमी काय मेलो का? नावाचे दगड लावून राहिली ते?"

मी त्यांना श्रम आणि हक्क यांवर पाऊण तास सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तण निंदायला बसल्या.

ठेकेदारानं पाट्या वाचल्या. आठवड्याच्या आत त्याचा अर्ज कचेरीत होता. सात बायकांनी सरकारी जागा आपसात वाटून घेतली आहे, पुरावा म्हणून नावांच्या पाट्या पाहाव्यात, आणि जागा मोकळी करून आपल्याला सामान ठेवायला भाड्यानं द्यावी. पंचनाम्याची नोटीस आली. अतिक्रमण सिद्ध झालं की मांडव, वाफे, सगळं उखडलं जाणार होतं. सिद्ध करायला मीच रंगवून दिलं होतं.

मी पाट्या उपटायला धावले. टालवाल्या काकूंनी हात धरला. "आता उपटल्या तं चोर दिसू. राहू दे."

मग मी दोन पानी निवेदन लिहिलं आणि सगळ्यांकडून पाठ करून घेऊ लागले. टालवाल्या काकू पहिल्या वाक्यापुढे जाईनात. म्हणाल्या, "इतकं शुद्ध बोलली मी तर साहेबाले माह्यावरच शंका येईन."

साहेब गुरुवारी सकाळी आले. सोबत ठेकेदार, इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी पहिली पाटी वाचून नाव पुकारलं. शिलाईवाल्या काकू पुढे झाल्या.

"हा दोडका तुमचा?"

"लावला मी. पण तो टालवालीचा आहे."

साहेबांनी टालवाल्या काकूंकडे पाहिलं. "तुमचा का?"

"हो ना. अन् माही अंबाडी मास्तरीणबाईची आहे."

मास्तरीणबाई, सातांतल्याच एक, पुढच्या वाफ्याशी उभ्या होत्या. साहेबांचं पेन थांबलं. हे निवेदनात नव्हतं. निवेदन त्या केव्हाच विसरल्या होत्या. आमच्याकडे लावणारी बाई पहिला तोडा आपल्या चुलीवर चढवत नाही. तो कोणाच्या घरी जायचा हे बी टाकतानाच ठरतं, आणि तो जाईपर्यंत वेल त्या घरचा म्हणतात. वाडीत अजून एकही तोडा झालेला नव्हता. कोणीच आपल्या वाफ्याला आपला म्हणेना. साहेब पाटीवरून बाईकडे आणि बाईवरून दुसऱ्या पाटीकडे फिरत राहिले.

मिरचीपाशी ते वैतागून म्हणाले, "आणि ही कोणाची?"

शिलाईवाल्या काकूंनी ठेकेदाराकडे बोट केलं. "याहिची."

"मले नाही पाहिजे," ठेकेदार म्हणाला.

"तुमाले कोण इचारून राहिलं? तुमच्या बायकोले कबूल केलं आहे. भिंतीले भिंत आहे, तिले नाही तर कोणाले देऊ?"

साहेबांनी पहिल्यांदा वहीतून मान वर केली. "म्हणजे या अतिक्रमणात तुमचाही वाटा दिसतो," ते ठेकेदाराला म्हणाले. ठेकेदारानं रुमाल काढला.

"या पाट्या कोणी लावल्या?"

"मी."

"तुमचा वाफा कोणता?"

"माझा नाही."

"मग?"

माझी पत्रकं एका शब्दानंही मदतीला आली नाहीत. साहेबांनी लिहिलं, जागेचा वापर नकाशाप्रमाणे, बगिचा, सामाईक. पाट्या काढाव्यात अशी ताकीद दिली आणि गेले.

वाडी राहिली. मी विटांच्या काठावर बसले तेव्हा हसू आवरत नव्हतं. टालवाल्या काकूंनी बादली समोर आणून ठेवली. "भाषण संपलं ना तुयं? मंग पाणी टाक."

आता तुम्हाला सांगते. तुमच्याही वस्तीत असा एक तुकडा आहे, जिथे तुम्ही नाक दाबून चालता. कचेरीत जा आणि नकाशा मागा. उद्या या म्हटलं तर तिथेच बाकावर बसा. बगिच्याकरिता राखीव असं लिहिलेलं सापडलं की येत्या रविवारी शेजारणीला हाक मारा, आणि पहिलं घमेलं तुम्ही उचला.