डाव्या हाताची जागा

एल्मर हुडाकने आयुष्याकडे मागितलं फार थोडं. बापासारखं कोळशाच्या खाणीत उतरायची पाळी त्याच्यावर आली नाही, कारण तो मोठा होईतो पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगरांतल्या खाणीच बंद पडल्या. मग त्याने पावाची गाडी धरली. पहाटे उठायचं, आसपासच्या गावांत दुकानोदुकानी पाव पोचवायचे, दुपारी घरी येऊन बर्नाडीनने केलेलं कोबी-शेवयांचं हलुश्की खायचं आणि मागच्या पायरीवर बसून बॅरिटोन फुंकायचा. बॅरिटोन म्हणजे मोठ्या घेराचं, जाड गळ्याचं बिगूल. "माझा नवरा सकाळी पाव वाटतो आणि दुपारी डोकेदुखी," असं बर्नाडीन चर्चमधल्या बायकांना सांगायची.

रविवारी त्याची तालीम असे. पथकाचं नाव ब्रेकरमेन. माजी सैनिकांच्या हॉलच्या तळघरात, दारूच्या बारला लागूनच जन्माला आलेलं ढोल-बिगुलांचं पथक. त्यात प्लंबर होते, गणिताचा मास्तर होता, प्रेतांना कपडे चढवणारे दोघे भाऊ होते, आणि कॉन्व्हेंट सोडून आलेली एक बाई होती, जी झांजा अशा काही आपटायची की कॉन्व्हेंटनेच तिला सोडलं असावं अशी सगळ्यांची खात्री होती. असल्या वाढलेल्या वयाच्या पथकांना सीनियर म्हणतात. एकविशीच्या आतल्या पोरांची ती ज्युनियर. दोघांचं वाजवणं एक, मैदानावरची कवायत एक, वेड तर एकच. पण भावकीत असतं तसं एकमेकांचं तोंड पाहवत नाही.

ज्युनियरवाले म्हणत, सीनियरच्या रांगेत आधी पोट मैदानात येतं आणि मग माणूस. दोन बियरच्या मधे जो वेळ उरतो त्याला हे लोक तालीम म्हणतात. सीनियरवालेही काही कमी नव्हते. "ती किल्लीची खेळणी रे," एल्मरचा दोस्त वॉल्ट म्हणायचा, "पाय कसे मोजून उचलतात! आणि वाजवतात इतकं हळू की शेजारच्या गावातलं गवत कापायचं यंत्र ऐकू येतं." एल्मर हसायचा, पण मोकळेपणी नाही. कारण त्याची लेक ज्युनियरमध्ये होती.

डोरीन. एकुलती एक. मागच्या पायरीवर त्यानेच तिच्या हाती बॅरिटोन दिला तेव्हा तो तिला नीट पेलतही नव्हता. ओठ कसे आवळायचे, पोटातून श्वास कसा सोडायचा, सगळं त्याने शिकवलं, आणि तेराव्या वर्षी पोरीने बापाला मागे टाकलं. सोळाव्या वर्षी ती शेजारच्या न्यू जर्सीतल्या व्हाइट हेरन्स या ज्युनियर पथकात निवडली गेली. हेरन्स म्हणजे त्या वर्तुळातली राजघराण्यातली मंडळी. उन्हाळाभर बसने देश पालथा घालायचा, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, उन्हात करपायचं आणि ऑगस्टमध्ये पदक घेऊन यायचं. एल्मरच्या छातीत अभिमान मावत नव्हता. एकच इच्छा त्याने मनात धरली होती: एकविशी उलटली की ती ज्युनियरमधून निघणारच, तेव्हा तिने एकदा, एकच उन्हाळा, ब्रेकरमेनमध्ये यावं आणि आपल्या डाव्या हाताला उभं राहून वाजवावं. डाव्याच का, तर पायरीवर ती त्या बाजूला बसायची.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याने सुटी काढली आणि हेरन्सच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर लष्करच्या भाकऱ्या भाजायला गेला. एवढ्या पोरांना सकाळ-संध्याकाळ खायला घालायचं म्हणजे खायचं काम नव्हे. पहिल्याच दुपारी डोरीन रांगेतून आली, त्याच्याकडे बघून थबकली.

"बाबा, ते जॅकेट काढ ना. उकडत नाही का तुला?"

जॅकेट ब्रेकरमेनचं होतं. पाठीवर नाव मोठ्या अक्षरांत. उकडत होतं हे खरं, पण पोरीचा चेहरा उकाड्याचा नव्हता. त्याने जॅकेट काढून बटाट्याच्या पोत्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो ट्रकच्या मागे कांदे सोलत होता आणि पलीकडे पोरं सावलीला बसून सीनियरची नक्कल करत होती. एक जण पोट पुढे काढून डुलत चालत होता, बाकीचे गडबडा लोळत होते. कोणीतरी विचारलं, "डोरीन, तुझे बाबा वाजवतात का गं कशात?"

"बाबा? छे. ते पाव पोचवतात," डोरीन म्हणाली आणि सगळ्यांबरोबर हसली.

कांदे होते म्हणून बरं. डोळ्यांचं कोणाला काही सांगावं लागलं नाही. पण त्याने मनाची समजूत घातली. पोर आहे, चार जणांत लाज वाटते, या वयात आपल्यालाही आपल्या बापाच्या काळ्या नखांची वाटायचीच. माणसाला स्वतःच्या लेकरापुरता केवढा वकील होता येतं!

हेरन्समध्ये रीत अशी की शेवटचा खेळ संपला की एकविशी गाठलेल्यांनी आपले बूट मैदानाच्या कडेला काढून ठेवायचे आणि मोज्यांवर चालत बसपर्यंत जायचं. डोरीनने बूट ठेवले, आणि बूटच काय, सगळंच तिथे ठेवून आली. घरी आली ती महिनाभर खोलीतून बाहेर पडेना. बर्नाडीन सूप घेऊन जायची आणि तसंच परत आणायची. "एखाद्याचं लग्न मोडलं तर समजू शकते," ती चिडून म्हणायची, "ढोल वाजायचे थांबले म्हणून कोण सुतक पाळतं?" एल्मरला मात्र कळत होतं. एकविसाव्या वर्षी पोरीला सांगण्यात आलं होतं की तुझं जे काय चांगलं व्हायचं ते होऊन गेलं. हे असलं काही कुठल्याच लेकराला सांगू नये.

नाताळच्या सुमारास एकदा ती पायरीवर येऊन बसली. डाव्या बाजूलाच. त्याने धीर केला.

"ब्रेकरमेनची कवायत एप्रिलमध्ये बसवायला घेतात, पोरी. बॅरिटोनच्या रांगेत जागा आहे."

"सीनियरमध्ये जागा कधी नसते रे बाबा?" ती नाक मुरडून म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाईट वाटलं असावं. "बरं बाबा. येईन एप्रिलमध्ये. नक्की येईन, बस?"

तो त्या शब्दावर तीन महिने जगला.

मार्चमध्ये हेरन्सने तिला नव्या पोरांना शिकवायला बोलावलं. तिचा चेहरा असा खुलला की आगपाखड करायला जागाच उरली नाही. ती न्यू जर्सीत राहायला गेली. एल्मरने फोन केला तर म्हणाली, "या आठवड्यात नाही रे." पुढच्याही आठवड्यात नाही. नंतर त्याने विचारणं सोडलं. विचारलं की नकार येतो. न विचारलं तर निदान तो यायचा राहतो.

इकडे ब्रेकरमेनची कवायत बसवणारा पेट्रिला नावाचा माणूस होता. तोंडाचा फटकळ. रांगेत एकाची जागा ठेवली आणि तो आला नाही, तर पथकाच्या भाषेत त्याला खिंडार म्हणतात. खिंडार पडलं की जागा बुजवायची, नाहीतर परीक्षक गुण कापतात.

"एल्मर, तुझ्या डावीकडचं खिंडार बुजवतोय मी आज."

"राहू दे. येणार आहे ती."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

"तिला कवायत शिकायला एक रविवार पुरेल. हेरन्सची आहे ती. आली आणि जागा नसली तर?"

पेट्रिलाने हात टेकले. गंमत बघा, ज्यांना जगाने ढिसाळ आणि बेवडे ठरवलं होतं, त्या माणसांनी ते खिंडार उन्हाळाभर जपलं. जपणं सोपं नसतं. माणूस असला की त्याच्या खांद्याकडे बघून अंतर राखता येतं. रिकाम्या जागेला खांदा कुठून आणायचा? वर्तुळात, तिरक्या रांगेत, मागे सरकताना, सगळीकडे त्या नसलेल्या पोरीला वाट करून द्यायची. गुण कापले जायचे. बारवर कुरकुर व्हायची. वॉल्टने एकदा ग्लास आपटून सांगितलं, "एल्म्याची पोर येणार म्हणजे येणार, आणि ज्याला पोरगी नाही त्याने मधे बोलू नये," आणि त्यावर विषय संपला.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची कामगार दिनाची सुटी म्हणजे सीनियरवाल्यांची पंढरी आणि दिवाळी एकदमच. त्या सुटीला जोडून अंतिम स्पर्धा. एल्मर मैदानावर उभा राहिला आणि त्याला प्रेक्षकांत डोरीन दिसली. हेरन्सची निळी टोपी, शेजारी तसल्याच टोपीचा एक पोरगा. इतक्या वर्षांत ती त्याला ऐकायला पहिल्यांदा आली होती. एल्मरने जीव ओतून वाजवलं. ज्यांच्या आधारावर ओठ बिगुलाला टेकतात ते पुढचे दात गेल्या हिवाळ्यापासून हलत होते, तोंडात रक्ताची चव येत होती, तरी त्याचा सूर कुठे हलला नाही. डावीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, पण अंतर अचूक राखलं.

ब्रेकरमेन चौथे आले. पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या, बियरची पिंपं निघाली, कोणीतरी सॉसेज भाजायला घेतले. डोरीन गर्दीतून वाट काढत आली आणि तिने त्याला मिठी मारली. सगळ्यांसमोर.

"बाबा, तू काय वाजवलंस रे! खरंच. मला माहीतच नव्हतं."

 आजवरच्या सगळ्या रविवारांचं सार्थक झालं असं त्याला वाटलं. ते वाटणं फार टिकलं नाही, कारण पोरगी जात्याच चांगली मास्तरीण होती.

"फक्त तुझ्या शेजारी ते खिंडार कसलं रे? पहिल्यापासून शेवटपर्यंत! लगेच डोळ्यांत खुपतं."

"आणि राखलं किती व्यवस्थित होतं," टोपीवाला पोरगा म्हणाला. "मी तर म्हटलं, मुद्दाम ठेवलंय की काय."

"मुद्दाम कोण ठेवेल?" डोरीन हसली. "तेच तर सीनियरचं. जेवढी मेहनत खिंडार सांभाळायला घेतली, तेवढ्यात ते बुजवून झालं असतं. तिसरे आला असता, बाबा. कोण होतं ते? दारू पिऊन पडलं का कुठे?"

वॉल्टच्या हातातला सॉसेज खाली आला. "अगं ए शहाणे, तुला माहीत आहे का ते कोणा..."

एल्मरने त्याच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला.

"येतो म्हणाला होता एक जण," तो म्हणाला. "नाही जमलं त्याला."

"आणि तुम्ही अख्खा उन्हाळा त्याची वाट बघितलीत?" डोरीनने मान हलवली. "आमच्याकडे असल्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. तू फार भोळा आहेस रे बाबा. लोक फायदा घेतात तुझा."

"घेतात खरं," एल्मर म्हणाला.

ती गेल्यावर वॉल्ट त्याच्यावर उखडला. "का नाही सांगू दिलंस? कळू दे की पोरीला!"

"कळलं तर पुढच्या वर्षी येईल ती," एल्मर म्हणाला. "रडेल आणि येईल. बापाची कीव करत माझ्या शेजारी उभी राहील. ते नको मला."

 पिंपाशेजारी बसून दोघांनी कोमट बियर संपवली. आजूबाजूला सगळे गात होते, आणि एल्मरला वाटत होतं की आपल्या आत काहीतरी कायमचं बंद पडलं आहे, आणि ते पुन्हा चालू करावं अशी इच्छाही आता उरलेली नाही.

त्या हिवाळ्यात त्याने दात काढून घेतले. डॉक्टर म्हणाला दोनच काढू, बाकीचे वाचतील. एल्मर म्हणाला, सगळेच काढा. बर्नाडीनला काय समजायचं ते समजलं. तिने बॅरिटोन पुसून जिन्याखालच्या कपाटात ठेवला आणि त्या दिवसापासून डोकेदुखीचा विनोद पुन्हा केला नाही. एप्रिलमध्ये पेट्रिला कधी नव्हे तो स्वतः घरी आला, टोपी हातात घेऊन.

"बुजवू का रे?"

"बुजव."

पेट्रिलाने त्या रविवारी रांग जवळ घेतली. एक नव्हे, दोन जागा बुजवल्या.

डोरीनचा फोन मे महिन्यात आला. आवाजात उत्साह होता, हेरन्सची नवी पोरं तयार होत होती.

"आणि तुमचं काय? यंदा तरी ते खिंडार बुजवलंत का?"

"बुजवलं."

"बघ! सांगितलं होतं की नाही मी? आता कशी दिसते रांग?"

"चांगली दिसते म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? बाबा? तू नाहीयेस का रांगेत?"

एल्मरने खिडकीतून मागच्या पायरीकडे पाहिलं. बर्नाडीनने तिथे कपड्यांची टोपली ठेवली होती, डाव्या बाजूला.

"मी पाव पोचवतो," तो म्हणाला. "उद्या लवकर निघायचंय, पोरी. ठेवतो."